सप्ताहात न उचललेला फोन

माझी श्रद्धा किती, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर देताना मी अडखळतो. देवपूजा मी रोज करतो, पण विजेचं बिल वेळेवर भरावं तशी. चुकवत नाही, थकवत नाही, आणि त्यात फार रमतही नाही. माझी उमेदीची वर्षं बोटींच्या इंजिनांवर गेली. तिथे तापमान, दाब, तेलाची पातळी सगळं आकड्यात दिसतं आणि आकडा बिघडला की काय करायचं तेही ठरलेलं असतं. आता सिंगापुरात किनाऱ्यावरची नोकरी आहे, पण सवय तीच. घरातली प्रत्येक गोष्ट आपल्या देखरेखीखाली असली की मला झोप लागते. ज्या गोष्टीचं माप घेता येत नाही तिच्यावर भार टाकून स्वस्थ बसावं, हे मला कधी जमलं नव्हतं. कीर्तनात लोकांच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून मी मनात विचार करायचो, माझ्यात काहीतरी कमी आहे की यांच्यात काहीतरी जास्त आहे.

यंदा आमची मुलगी ईरा, विद्यापीठाच्या सुट्टीत, दोन मैत्रिणींबरोबर युरोप बघायला निघाली. हुई मिन आणि शालिनी या तिच्या शाळेपासूनच्या मैत्रिणी; सेंगकांगला आमच्याच ब्लॉकच्या आसपास वाढलेल्या. पाठीवर एकेक सॅक, हॉस्टेलमधल्या बंक बेडवर झोपायचं, सुपरमार्केटमधला पाव आणि चीज खायचं, आणि स्वस्तातल्या गाड्यांनी शहरामागून शहर बघायचं, असा बेत. पैसे तिघींनी शिकवण्या घेऊन स्वतः जमवले होते, त्यामुळे नाही म्हणायला मला जागा नव्हती. मी फक्त सूचना देऊ शकत होतो आणि त्या मी भरपूर दिल्या. हुई मिन आणि शालिनीकडे सिंगापूरचे लाल पासपोर्ट. आम्ही इथे कायमचे रहिवासी असलो तरी आमचे पासपोर्ट भारतीय, व्हिसा लागणारे. "तुझा पासपोर्ट हरवला तर त्यांच्यासारखं नाही," मी ईराला बजावलं. "तात्पुरता कागद मिळतो, पण त्यावर फक्त भारतात जाता येतं. इथे परत यायला किती दिवस लागतील ते कोणी सांगू शकत नाही." परत आल्या आल्या तिची इंटर्नशिप सुरू व्हायची होती, आणि ती मोठ्या मुश्किलीने मिळालेली होती. इथल्या मुलांच्या सवयीने वाक्याला 'ला' जोडत ती म्हणाली, "बाबा, रिलॅक्स ला. पासपोर्ट माझ्या छोट्या पिशवीत आणि पिशवी माझ्या खांद्यावर." तरीही त्या पिशवीच्या आतल्या बाजूला मी माझा फोन नंबर चिकटवला. तिचा नंबर उपयोगाचा नव्हता, कारण तिकडे ती तिकडचं सिम वापरणार होती.

आमच्याकडे दरवर्षी दत्तमहाराजांच्या पोथीचा सप्ताह होतो. वाचते माझी बायको, सुषमा. यंदा तिच्या डोळ्याची शस्त्रक्रिया नोव्हेनाच्या इस्पितळात झाली होती आणि डॉक्टरांनी वाचायला सक्त मनाई केली होती. पण मुलगी एवढ्या लांब गेलेली असताना सप्ताह चुकवायचा नाही, हा तिचा हट्ट. म्हणून मी वाचायचं आणि तिने काळा चष्मा लावून समोर बसून ऐकायचं, असं ठरलं. नियम घरातले जुनेच: एकदा आसनावर बसलं की त्या दिवसाचं वाचन पूर्ण होईपर्यंत उठायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. मी होकार दिला तो नियमाला, भक्तीला नव्हे. नियम पाळणं मला येतं.

शेवटचा दिवस रविवारचा होता. सकाळी बंदरातल्या एका बोटीवर काम निघालं म्हणून मला जावं लागलं. आल्यावर आंघोळ करून, उपाशीपोटी बसायला दुपार झाली. युरोपात तेव्हा नुकतीच सकाळ होत होती. आसनावर बसण्याआधी मी फोन चौरंगाच्या शेजारी ठेवलेला सुषमाला चाहुलीने कळला.

"अहो, तो आत ठेवून या."

"आवाज बंद केलाय."

"बंद केलाय तर समोर कशाला?"

"वेळ बघायला."

"मग भिंतीवरचं घड्याळ काय शोभेला लावलंय?"

मी फोन हलवला नाही, पोथी उघडली. वाचन अर्ध्यावर आलं असेल, आणि फोन थरथरायला लागला. ईराचं नाव. तिच्या फोनची रोजची वेळ संध्याकाळची. या वेळी ती कधी करत नाही. माझा हात पोथीवरून उठला. चष्म्याआडून सुषमाला काही दिसत नव्हतं, पण थरथर तिनेही ऐकली होती. तिने नुसता तळवा वर केला: वाचा. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण तळवा खाली आला नाही. मी वाचत राहिलो. पुन्हा ईराचा फोन आला. मग जरा वेळाने एक परका, लांबलचक नंबर आला आणि तोही पुन्हा एकदा आला. मग सगळं शांत झालं, आणि ते शांत होणं जास्त वाईट होतं.

त्यानंतरच्या ओव्या मी कशा वाचल्या ते मला ठाऊक नाही. डोळे अक्षरांवर होते आणि मनात इस्पितळं, पोलीस चौक्या, रस्ते. बोटीवर इंजिन बंद पडलं की निदान धावत खाली तरी जाता येतं. इथे मी मांडी घालून बसलो होतो, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर माझ्या मुलीची हाक येऊन गेली होती. एका क्षणी मी मनात, कुठल्याही शब्दांची जुळवाजुळव न करता, दत्तमहाराजांना म्हटलं, "मला उठता येत नाही. तुम्ही बघा." आयुष्यात इतकी साधी प्रार्थना मी कधी केली नव्हती. चमत्कारिक वाटेल, पण त्यानंतर माझा आवाज सरळ झाला. भीती गेली नाही. फक्त ती एकट्याने उचलायची आहे असं वाटेनासं झालं. वाचन संपलं, आरती झाली, आणि सुषमा म्हणाली, "आता लावा."

पहिल्याच रिंगला ईराने उचललं. ती हसत होती की रडत होती ते कळेना. मागून हुई मिन ओरडली, "अंकल, शी क्राय सो मच, यू नो!" त्यावर शालिनी तिला म्हणाली, "तू पण रडलीस ला, खोटं नको बोलू." शालिनीचं मराठी आमच्या स्वयंपाकघरात शिकलेलं. मग जे झालं होतं ते तुकड्यातुकड्यांनी कळलं.

ऑस्ट्रियात एका गर्दीच्या गाडीत तिघींना पुढच्या डब्यात उभं राहावं लागलं होतं. ईरा जागा शोधायला मागच्या डब्यांकडे गेली आणि तिला तिघींची रिकामी बाकं दिसली. इथे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या सार्वजनिक मंडपात, जेवायला गेलं की आधी टेबलावर टिश्यूचं पाकीट नाहीतर छत्री ठेवून जागा अडवायची आणि मग निवांत रांगेत उभं राहायचं. त्याला 'चोप' करणं म्हणतात. कोणी त्या वस्तूला हात लावत नाही. इथे वाढलेल्या मुलांच्या ते हाडीमासी खिळलेलं असतं. ईराने तेच केलं. खांद्यावरची पिशवी, म्हणजे पासपोर्ट आणि पैसे, बाकावर ठेवून तिने जागा चोप केली, आणि गाडी एका लहानशा स्टेशनवर थांबलेली असताना फलाटावरून पळत मैत्रिणींना बोलवायला गेली. त्या मोठ्या सॅक सांभाळत खाली उतरेपर्यंत मागचे डबे सुटून दुसऱ्याच दिशेला निघून गेले होते. त्या गाडीचे तिथे दोन भाग होतात आणि प्रत्येक भाग वेगळ्या गावाला जातो. सूचना जर्मनमध्ये झाली होती. आमच्या मुलींनी जन्मभर इथली एमआरटी, म्हणजे मेट्रो, बघितलेली. गाडी मध्येच दुभंगते हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्या हतबुद्ध होऊन बघत असतानाच पुढच्या भागाचीही दारं लागली आणि तोही गेला.

स्टेशनवर खिडकी नव्हती, माणूस नव्हता. ईराने मला फोन केला. मी उचलला नाही. "मग आम्ही ठरवलं, बाबा कॉल बॅक करतील, ते सांगतील तसं करू," ती म्हणाली. म्हणून त्या तिथेच बाकावर बसून राहिल्या. मोठ्या शहराकडे जाणारी पुढची गाडी आली आणि गेली. त्या चढल्या नाहीत. त्यानंतर समोरच्या बाजूने एक गाडी आली आणि तिच्यातून एक स्थूलशी, वयस्कर बाई उतरली. एका हातात केकचा डबा, दुसऱ्या हातात ईराची पिशवी.

बाईंचं नाव मार्था. बहिणीच्या वाढदिवसाला निघाल्या होत्या. त्यांच्या समोरच्याच बाकावर ईराने पिशवी ठेवली होती, आणि जाताना ती त्यांच्याकडे बघून हसलीही होती. गाडी सुटल्यावर त्यांनी पिशवी उघडली, माझा नंबर पाहिला, दोनदा फोन लावला. कोणी उचलेना. तेव्हा त्या पुढच्या स्टेशनवर उतरल्या, उलट जाणाऱ्या गाडीची वाट बघत बसल्या आणि परत आल्या. मुली तिथे असतील याची त्यांना खात्री नव्हती. बघू या, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

संध्याकाळी मी त्यांना आभाराचा संदेश पाठवला आणि न राहवून विचारलं की, पिशवी गाडीतल्या तपासनिसाकडे का दिली नाही? फोनच्या भाषांतरातून त्यांचं उत्तर आलं. "रविवार होता; तुम्ही प्रार्थनेला गेला असाल असं वाटलं, म्हणून तिसऱ्यांदा त्रास दिला नाही. मग काय करायचं ते मलाच ठरवावं लागलं."

तो संदेश मी सुषमाला मोठ्याने वाचून दाखवला. मी तो फोन उचलला असता तर काय झालं असतं, हे मला नेमकं माहीत होतं. मार्थाबाईंना मी म्हणालो असतो, कृपया पिशवी तपासनिसाकडे द्या आणि पावती घ्या. ईराला म्हणालो असतो, पहिल्या गाडीने मोठ्या शहरात जा, पोलिसांत तक्रार नोंदव. दोन्ही सल्ले अगदी बरोबर होते. आजही कोणी विचारलं तर मी तेच देईन. पण माझ्या त्या बरोबर सल्ल्यांनी पिशवी एका टोकाला गेली असती आणि मुलगी दुसऱ्या टोकाला, आणि दोन दिवसांवर तिघींचं परतीचं विमान होतं. पासपोर्ट तरीही मिळाला असता का? कदाचित मिळालाही असता. मी याला चमत्कार म्हणा असा आग्रह धरत नाही. वाचकांनी मुलांचे फोन उचलू नयेत असाही अर्थ यातून काढू नये; तशी वेळ पुन्हा आली तर माझा हात पुन्हा उठेल आणि मी तो आवरीनच असं सांगता येत नाही. मी फक्त जे घडलं ते सांगतो आहे. ज्या वेळी माझ्या हातात काही नव्हतं, त्या वेळी एक परकी बाई केकचा डबा सांभाळत उलट्या गाडीत बसली होती.

ईरा परत आली तेव्हा विमानतळावर सुषमाने तिला जवळ घेतलं. घरी येताना टॅक्सीत ईरा म्हणाली, "आई, मी मार्थाआँटींना तिथे फलाटावर वाकून नमस्कार केला."

"तू? गावी आजीला करताना तुझी कंबर दुखते."

"ऐक ना! त्यांना वाटलं माझं काहीतरी खाली पडलं. त्याही शोधायला वाकल्या. आमची डोकी इतकी जोरात आपटली!"

डोळ्याला ताण देऊ नका, हे डॉक्टरांचं सांगणं विसरून सुषमा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. इंटर्नशिपला ईरा ठरल्या दिवशी हजर झाली.

सप्ताहाच्या समाप्तीचं जेवण राहिलं होतं. ते पुढच्या रविवारी केलं आणि हुई मिन आणि शालिनीला बोलावलं. जेवताना हुई मिनने मला विचारलं, ईरा एवढे फोन करत होती तेव्हा तुम्ही काय करत होता?

"वाचत होतो," मी म्हणालो.

"जस्ट रीडिंग? यू डिड नथिंग, आ?"

"नथिंग," मी म्हणालो.

सुषमाने चमकून माझ्याकडे पाहिलं. एरवी हा शब्द मी स्वतःबद्दल वापरला नसता. काहीतरी केल्याचं नक्कीच शोधून काढलं असतं. त्या दिवशी तो म्हणताना मला कमीपणा वाटला नाही, उलट खांदे हलके झाले. मी हुई मिनच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली, वर तूप सोडलं, आणि दत्तमहाराजांच्या तसबिरीकडे बघून मनातल्या मनात हात जोडले.