मुंबईहून येणाऱ्या बाई

दरडीत आई गेली तेव्हा ती पोर सात-आठ वर्षांची होती. पोलादपूरच्या वरच्या वाडीतल्या आत्याने तिला घरी आणलं आणि माझ्या शाळेत घातलं. "तिच्याम्होरं आयचा विषय काडू नका हां," एवढंच मला बजावलं.

पुढे एका संस्थेने आमच्या पोरांसाठी मुंबईहून एक बाई धाडल्या. मनाला झालेल्या जखमांवर उपचार करणाऱ्या. दर आठवड्याला रेल्वेने येऊन वीरला उतरायच्या, रिक्षाने महाड, तिथून एसटी. पोरांना चित्रं काढायला लावायच्या, बोलतं करायच्या. ही पोर वेणीफणी करून सगळ्यांच्या आधी हजर. बाईंच्या हाताला गुण आहे, असं आम्ही कौतुकाने म्हणायचो.

एकदा बाई निघताना तिने त्यांची ओढणी धरली. "तुमी मुंबयच्या ना? माजी आय कदी येनार हाय?"

बाईंनी तडक आत्याला गाठलं. आत्याने पोरीला सांगून ठेवलं होतं, आई मुंबईला कामाला गेली. आमच्याकडे घरटी एक माणूस मुंबईला असतो, त्यामुळे पोरीला ते सहज पटलं होतं. ती उपचाराला येतच नव्हती, आईची काही खबर मिळते का ते बघायला येत होती.

"खरं तुम्हीच सांगा, जवळ घेऊन. मी शेजारी बसते," बाई आत्याला म्हणाल्या.

"माजी जीभ रेटत नाय वो."

पण शेवटी गोठ्याच्या दारात बसून आत्याने सांगितलं. त्यानंतर पोर वर्गात किंचाळायची, चावायची. "बरी होती, तुमी बिगडवलीत," आत्या चिडली. बाई म्हणाल्या, आता कुठे सुरुवात झाली आहे. हळूहळू तिने चित्रात आई काढली, घर काढलं. डोंगर मात्र काढेना.

आणि संस्थेचं काम आटोपलं. पोरांचा निरोप घ्यायलासुद्धा बाईंना पाठवलं नाही. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पोर वेणी घालून शाळेच्या दारात थांबलेली. मी म्हटलं, "बाई आता येणार नाहीत गो. मुंबईलाच आहेत, बऱ्या आहेत."



"आत्या पन आसंच बोलायची," ती म्हणाली. "खरं सांगा. बाईंवर कुठं दरड पडली?"