घंटेवाल्यांची टाच

वदादनं सूड घेतला हे आमच्या कफर-तीन गावात कुणी नाकारत नाही. वाद आहे तो एवढाच, की जरा जास्तच घेतला का. मी तिच्या सासरच्या अंगणासमोर राहते आणि सगळं ह्या डोळ्यांनी पाहिलंय, तेव्हा माझं मत विचाराल तर जास्त नाही घेतला. बेताचाच घेतला.

तिचं सासर म्हणजे घंटेवाल्यांचं घर. ह्यांच्या कुणा खापरपणजोबानं चर्चची घंटा बंदरापासून डोंगरावर पाठीवरून आणली, आणि त्या ओझ्यानं त्याच्या टाचेमागची शीर फुगून अंगठ्याएवढी झाली, अशी गोष्ट. तेव्हापासून घराण्यातला पुरुष वयात आला की त्याची ती शीर जाड होते, कुणाकुणाच्या बोटांच्या पेरांवरही गाठी येतात. इतर घरांत पोराचं नाक कुणावर गेलं ते बघतात, ह्यांच्यात टाच बघायची. क्रुसाच्या सणाला, शेकोट्या पेटायच्या आधी, घरातली थोरली बाई चर्चच्या अंगणात पोराची टाच चिमटीत धरायची आणि सगळ्यांसमोर म्हणायची, "आमचा आहे." मग त्यानं घंटेचा दोर ओढायचा. केवढा तो रुबाब!

एक गोष्ट मात्र कुणी बोलत नसे. घंटेवाल्यांच्या घरात म्हातारा पुरुष नव्हता. केस पिकायच्या आत सगळे छातीला हात लावून जायचे. कुणाला त्याचं नवल वाटलं नाही, कारण दर वेळी खापर फोडायला कुणाचं तरी डोकं मिळायचं. एकाला पाटाच्या पाण्याचं भांडण भोवलं, एकाला युद्धाचा घोर लागला, आणि वदादचा नवरा मिलहिम सफरचंदाची टोपली खांद्यावर असताना बागेत कोसळला, तेव्हा डोकं वदादचं होतं. चाळिशीही गाठली नव्हती त्यानं. सासू मंतूरा मयताच्या खोलीतच म्हणाली, पांढऱ्या पायाची आणली आणि माझा वाघ गेला. वदाद खाली मान घालून बसली होती. मांडीवर नस्री होता, त्याला अजून नीट बोलताही येत नव्हतं.

पोराकडे बघून तिनं तेही गिळलं. सासूचे पाय चेपले, जावेची धुणी धुतली, अख्ख्या घराच्या रोट्या भाजल्या. नस्री सोळाचा झाला, तेव्हा क्रुसाच्या सणाला ती नवा झगा घालून आली. आज पोरगा घंटा वाजवणार, उद्यापासून ह्या घरात आपल्याला जागा, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

मंतूरानं नस्रीची टाच धरली. पुन्हा धरली. शीर बारीक, मुलीसारखी. म्हातारीनं हात झग्याला पुसला आणि वदादकडे बघत म्हणाली, "हा आमच्यातला नाही. कुणाचा ते हिला विचारा."

सगळं गाव उभं होतं तिथं. नस्रीनं आधी दोराकडे पाहिलं आणि मग आईकडे. त्याच आठवड्यात मायलेकांचं बिऱ्हाड तेलाच्या जुन्या घाण्याशेजारच्या खोलीत गेलं. वदाद रडली नाही. मी कॉफी घेऊन गेले तर म्हणाली, "बाई, मी ह्या बाईचं उट्टं काढल्याशिवाय मरणार नाही." मला वाटलं, दुःखात माणूस बोलतं तसं बोलली.

युद्ध संपलं आणि दुसऱ्या वर्षी बैरूतहून एक डॉक्टर आला. ह्या डोंगरातली माणसं तरुणपणी का जातात हे त्याला शोधायचं होतं, म्हणून तो घरोघर रक्त मागत फिरला. मंतूरानं त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवला. म्हणाली, आमचं रक्त काय आहे ते आमच्या टाचेवर दिसतं, बाटलीत बघायची गरज नाही. वदादनं मात्र स्वतःचं दिलं, पोराचंही दिलं आणि नवऱ्याच्या टाचेचीही गोष्ट सांगितली.

डॉक्टरनं तिला जे समजावलं, ते तिनं मला फार पुढे सांगितलं. टाचेतली ती शीर ओझ्यानं जाड होत नाही, चरबीनं होते. ह्या घराण्याच्या रक्तातच खोट आहे, चरबी निवळतच नाही. ती शिरेत साठते, पेरांत साठते आणि हृदयाच्या नळ्यांतही साठते. मग नळीत रक्ताची गुठळी अडकली की माणूस उभ्याउभ्या जातो. बापाला खोट असली तरी पोराला येईल किंवा येणार नाही, छापाकाटा. नस्रीला आली नव्हती. म्हणजे ज्या टाचेवरून त्याला हाकललं, त्याच टाचेनं त्याला वाचवलं होतं. त्यावर आता गोळ्या निघाल्यात, घरच्यांना घेऊन या, असंही डॉक्टर म्हणाला. येतील हं, असं वदाद म्हणाली.

घरी आली आणि तिनं तोंडाला कुलूप घातलं.

एवढंच नाही. त्या पानगळीत तिनं मेंढी कापून घेतली, तिच्या चरबीत मांस परतून कवर्मा केला आणि एक बरणी सासरी पाठवली. दुसऱ्या वर्षीही पाठवली, तिसऱ्याही. पाद्रीबाबांनी प्रवचनात तिचा दाखला दिला, की क्षमा शिकावी तर वदादकडून. मीसुद्धा मान डोलावली. थोरला दीर रोज सकाळी त्या कवर्म्यात अंडी फोडायचा आणि म्हणायचा, चवचाल असली तरी हाताला चव आहे. तिसऱ्या बरणीच्या हिवाळ्यात तो जिन्यातच गेला. वदाद मयताला पहिल्या ओळीत बसली होती. तिची नजर त्याच्या तोंडाकडे नव्हती, मोजे घातलेल्या पायांकडे होती.

थोरल्याचा मुलगा गंतूस. टाच बापासारखीच जाड, पण मन साधं. लहानपणी नस्रीबरोबर अंजिरं चोरायचा, आणि मायलेकांना हाकलल्यावरही आजीची नजर चुकवून घाण्यावर यायचा. बाप गेल्यावर त्यानं घंटेवाल्यांच्याच चुलत घरातली पोर केली, बिशपांची खास परवानगी काढून. मंतूरा खूश होती, दोन्हीकडून चोख रक्त म्हणून. त्यांना मुलगी झाली, झुमुर्रुद. सगळे तिला झुम्मू म्हणायचे. ती जेमतेम तीन वर्षांची असेल, तेव्हा क्रुसाच्या सणाला मंतूरानं तिला चर्चच्या कठड्यावर उभी केली, मोजे काढले आणि म्हणाली, "बघा. पोरीची जात, आणि दुधाच्या दातांत घराण्याचा शिक्का घेऊन आली."

पोरीच्या टाचांवर, कोपरांवर, बोटांच्या बेचक्यांत पिवळ्या गाठी होत्या, भिजवलेल्या हरभऱ्यांएवढ्या. बायका कौतुक करत होत्या.

वदाद माझ्या शेजारी उभी होती. तिचा हात माझ्या दंडावर आवळला. आईबाप दोघांकडून खोट आली तर लेकरू कोवळ्या वयातच जातं, हेही डॉक्टरनं तिला सांगितलं होतं. म्हातारीचा निर्वंश होणं तिला हवं होतं की नाही, मला ठाऊक नाही. पण ही तीन वर्षांची पोर तिच्या हिशेबात नव्हती. ती गर्दी सारून पुढे गेली.

"ह्या पोरीला उद्याच्या उद्या बैरूतला न्यायला पाहिजे," ती म्हणाली. "नाहीतर ही वाचत नाही."

मंतूरा म्हणाली, "तुझ्या जिभेला हाड नाही. तू आमची कोण गं?"

"तेच आधी सांग," वदाद म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं सासूला अगं-तुगं केलं. "माझ्या नस्रीची टाच पुन्हा धर आणि त्या दिवशी जे बोललीस ते उलटं बोल. मग मी पोरीचं सांगते."

नस्री आता तिशीचा, बैरूतच्या रस्त्यावर टॅक्सी चालवणारा बाप्या. तो ओशाळून म्हणाला, "आई, पुरे झालं. सांगून टाक." तिनं त्याला गप्प केलं. गंतूसनं पोरीला उचलून छातीशी धरलं होतं. "काकू, मी पाया पडतो, बोला," असं तो म्हणत राहिला. वदाद त्याच्याकडे बघेना. ती फक्त म्हातारीकडे बघत होती. शेवटी गंतूसच आजीवर ओरडला. नातवाचा चढलेला आवाज मंतूरानं कधी ऐकला नव्हता.

म्हातारी फरशीवर बसली. तिला वाकायला फार वेळ लागला, आणि कुणी हात दिला नाही. तिनं नस्रीची टाच धरली.

"आमचा आहे."

"मोठ्यानं."

"मिलहिमचा आहे. माझ्या मिलहिमचा."

मग वदादनं सगळं सांगितलं. टाच, चरबी, गुठळी, गोळ्या, सगळं. सांगताना आवाज चढवला नाही. बायकांनी आपापल्या नवऱ्यांच्या पायांकडे पाहिलं. मंतूरा फरशीवरच बसून होती. तिनं एकच विचारलं, "तुला हे कधीपासून माहीत?"

"तुझा थोरला जायच्या आधीपासून."

डॉक्टरला उंबऱ्यावरून कुणी परतवलं, हे तिचं तिला आठवत होतं. त्या संध्याकाळी कुणी घंटा वाजवली नाही.

झुम्मूला पहाटे नस्रीनंच टॅक्सीनं बैरूतला नेलं. तिथं यंत्रातून तिचं रक्त गाळतात आणि परत अंगात भरतात, दर पंधरवड्याला. नेतो नस्रीच, आणि आता पोर त्याच्याशिवाय जातही नाही. गंतूस आणि त्याची बायको गोळ्या घेतात. चुलत घरातले पुरुष लाजत लाजत का होईना, रक्त देऊन आले. काही जण वदादला दुवा देतात, काही जण तिच्या सावलीलाही उभे राहत नाहीत. थोरल्याच्या बायकोनं तिचं नाव टाकलं ते कायमचं, आणि त्या बाईला मी तरी नावं ठेवणार नाही.

मंतूरा त्यानंतर बरीच वर्षं जगली. शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तिनं वदादला बोलावणं धाडलं, माफी हवी म्हणून. मी बरोबर गेले. वदाद उशाशी बसली नाही, पायथ्याशी बसली. तिनं पांघरूण सारलं आणि म्हातारीची टाच चिमटीत धरली. मंतूरा ह्या घराची मुलगी नव्हे, तीही पलीकडच्या गावातून आलेली सून. शीर बारीक होती, मुलीसारखी.

वदादनं हात झग्याला पुसला.

"ही आमच्यातली नाही," ती म्हणाली आणि उठून घरी आली.