पळू दे, पण तूप वाढा
लोणी कढवल्याचा वास आला की मला नाशिक रोडचं आमचं क्वार्टर आठवतं. मी तेव्हा कॉलेजच्या शर्यतींसाठी रोज पळायचे. अंगाने पार काटकुळी झाले होते आणि कित्येक महिने पाळीच आली नव्हती. घाबरलेल्या आईने मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. म्हणाली, "हिचं पळणं बंदच करते." बाई हसल्या, "अहो, परदेशातल्या एका संशोधक बाईंनी शोधून काढलंय, अंगावर पुरेशी चरबी नसेल तर पाळी थांबते. पळू दे, पण तूप वाढा." आई रोज ताटाशी बसून वाढू लागली. दिवाळीच्या सुमारास पाळी आली, तर तिने शिराच केला. वडिलांनी विचारलं, "आज काय विशेष?" आई म्हणाली, "पोरगी पळतेय, म्हणून." आम्ही दोघी हसत सुटलो. साठी उलटली, तरी सकाळी मी थोडी पळतेच.