टेपच्या चुकीच्या बाजूने

आमच्या समोरच्या दारातले मास्तर शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. नको तो प्रश्न आला की टाचण्यांचं निमित्त करून नुसतं "हं" म्हणतात. वीस वर्षांच्या शेजारात मी त्या "हं"चे सात प्रकार ओळखायला शिकले.

दोन वर्षांपूर्वी ते आणि वहिनी परदेशात लेकीकडे गेले. हिंडायचा बेत नव्हताच. लेकीचे पडदे शिवायचे आणि परत यायचं. एका सकाळी तिघं तळं बघायला निघाले, तर स्टेशनवर कळलं, गाड्या बंद. लेक म्हणाली, "सायकली भाड्याने मिळतात, पण झेपेल का?" मास्तरांनी खिशातून टेप काढून भिंतीवरच्या नकाशाला लावला. लेकीने प्रमाण वाचून दाखवलं, एका सेंटिमीटरला दोन किलोमीटर.

"पाच भरले. म्हणजे दहा किलोमीटर. त्यात काय!"

टेप धरला होता इंचांच्या बाजूने. दहाचे पंचवीस झाले. तळ्याकाठी पोचेतो सगळ्यांचा पिट्ट्या पडला, मुक्काम करावा लागला आणि सकाळी वहिनींनाच चटक लागली. परत फिरायचं सोडून स्वारी पुढच्या गावाला! अंगावरच्या एका जोडीवर तीन दिवस.

हा किस्सा मी तिखटमीठ लावून अख्ख्या इमारतीत फिरवला. "मास्तर, माझं माप कुठल्या बाजूने घेताय?" म्हटलं की तेही हसायचे.

मागच्या महिन्यात चहाला बसलो असताना वहिनी पुन्हा त्या सहलीत रमल्या. कुरणातले पांढरे घोडे, पाण्यातली बदकं. मास्तर म्हणाले, "मला आठवतो चेनचा आवाज, ओल्या गवताचा वास. आणि पुढे लेकीचं लाल जाकीट. तीन दिवस त्या लालच्या मागे."

"घोडे नाही दिसले?"

मास्तरांनी मांडीवरच्या कापडातल्या टाचण्या काढून तोंडात धरल्या. "हं."

हा आठवा प्रकार होता. मग एकेक आठवायला लागलं. सुईत दोरा हल्ली वहिनी ओवतात. माझ्या नव्या कुर्त्याची एक बाही बोटभर लांब.

"मास्तर, तेव्हा टेपवरचे आकडे दिसत होते तुम्हाला?"

वहिनींचा कप हातातच राहिला. मास्तरांनी एकेक करून तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"नव्हते. नुसत्या ठळक रेघा मोजल्या. मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे. ऑपरेशन बिघडलं तर? आत्ता निदान अंदाजाने तरी शिवतोय."

माझ्या पोटात काही राहतं का! घरी आले आणि लेकीला फोन लावला.

आठवड्यात ती हजर, तेच लाल जाकीट घालून. दारातूनच म्हणाली, "बाबा, तीन दिवस न बघता माझ्या मागे आलात ना? आता आणखी एकदा या." दवाखान्याच्या बोळातून ती पुढे आणि मास्तर मागे. मी पिशवी सांभाळत शेवटी.

पहिला डोळा बरा झाल्यावर मास्तरांनी फोटो मागितले. वहिनींनी मागून काढलेल्या एका फोटोवर त्यांची नजर खिळली: पुढे लेक, तिच्या मागे ते. आता डोळे भरून येणार, म्हणून मी पदर तयार ठेवला.

"अगं, पाठीची शिवण चार बोटं उसवलीय! दोन वर्षं अशीच हिंडतेस? काढ आधी ते."

वहिनी सुई घ्यायला उठल्या. मास्तरांनी हातानेच त्यांना बसवलं. दोरा तिसऱ्या खेपेला सुईत गेला. तोवर आम्ही कोणी बोललो नाही. मीसुद्धा!