शीकाकांचं खुरपं

इस्पितळाच्या बागेतले माळी गेली एकतीस वर्षं सगळ्या जगाला एकाच शब्दात निकालात काढत आले होते: शी! रोग्यांचे नातेवाईक हिरवळीवर बसून खात, कागद तिथंच टाकत आणि वर हातही गवतालाच पुसत. "शी! गवत आहे का टॉवेल?" त्यामुळे मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना शीकाका म्हणत. त्यांना त्या नावाचीही किळस येई.

मग गवत कापणारं, आपोआप फिरणारं ते यंत्र आलं. लोकांनी त्याचं नाव कासव ठेवलं. कासव दिवसभर गवतावर सरपटे आणि दमलं की स्वतःच चार्जिंगच्या खोक्यात जाऊन बसे. गवत कापायचं काकांचं काम गेलं, कासवाचं पोट साफ करायचं तेवढं आलं. रोज सकाळी ते उलटं करायचं. पात्यांभोवती आंबलेल्या गवताचा लगदा, चाकांच्या खाचांत कुत्र्याची घाण, एकदा तर अर्धा बेडूक. काका नाकाला रुमाल बांधून जुन्या ब्रशने खरवडत. "खायचं ह्यानं आणि निस्तरायचं मी! मेल्याला बेडूकसुद्धा दिसत नाही." दुपारी डबा उघडला की हाताला तोच वास. बायको म्हणे, "तीन दिवसांत साबण संपला. हात धुता की कातडं सोलता?"

एक काम मात्र अजून त्यांचं होतं. कासवाला अगदी कडेचं गवत कापता येत नसे. दर सोमवारी संध्याकाळी काका गुडघे टेकून खुरप्याने हिरवळीची कड कापत. ताणलेली दोरी ठेवावी, इतकी सरळ. त्या कडेकडे बघताना मात्र त्यांच्या तोंडून कधी शी निघालं नाही.

आणि दर मंगळवारी कासव बंद पडे.

हिरवळीभोवती मातीत एक बारीक वायर पुरलेली होती. तिच्या आतच कासवाने फिरायचं. ती तुटली की खोक्यावर लाल दिवा लागे आणि कासव जागचं हलत नसे. वायर पुरली त्या दिवशी काका तिकडे पाठ करून गुलाबांपाशी बसले होते. असल्या थेरांकडे बघायचंही नव्हतं त्यांना.

कंपनीची दुरुस्तीवाली बाई यायची. चाळिशीची, बोलायला मोकळी. शोधयंत्र गवतावरून फिरवत तुटलेली जागा हुडकायची आणि जोड द्यायची. "घुशीचं काम दिसतंय, काका." काका लांबूनच मान हलवत. घूस म्हटलं तरी त्यांच्या अंगावर काटा येई. त्यातून ही बाई कासवाचं पोट उघड्या हातांनी पुसायची, हात पँटला पुसायची आणि तसाच चहा घ्यायची. शी!

चौथ्या मंगळवारी मॅनेजर स्वतः खाली आले. "बाई, आता पुरे. यंत्र आजच परत न्या. तुम्हाला दुरुस्ती जमत नाही, हे मी तुमच्या साहेबांना कळवतोय." ते फोन काढत बाजूला गेले.

बाईचा चेहरा पांढरा पडला. "काका, हा फोन झाला की माझी नोकरी गेली. घरात मिळवणारी मी एकटीच हो." तिने मातीतून तुटलेली वायर उपसून वर काढली. "जरा हे टोक धरता?"

नाइलाजाने काकांनी वायरचं टोक चिमटीत धरलं. पहिल्यांदाच ते जवळून बघत होते. घूस कुरतडते तेव्हा चिंध्या होतात. हे टोक स्वच्छ कापलेलं होतं, तिरकं, डावीकडे उतरतं. अख्ख्या इस्पितळात डाव्या हाताने खुरपं चालवणारा माणूस एकच होता.

गप्प राहिलं असतं तर कासव संध्याकाळपर्यंत गेलं असतं. हिरवळ पुन्हा त्यांची, पोट खरवडणं नाही, वास नाही. एवढं सुख मनात डोकावलं आणि काकांना स्वतःचीच अशी शिसारी आली, जशी बेडकाचीही आली नव्हती.

"साहेब, फोन ठेवा!" ते ओरडले. "घूस नाही. मी आहे. माझं खुरपं लागतं."

मॅनेजर आधी हसले, मग म्हणाले, "मग आजपासून कड कापणं बंद. सोपं आहे." काकांनी खुरपं पुसून खोलीत खिळ्याला टांगलं.

महिना गेला. गवत कडेवरून फरसबंदीवर उतरलं, दाढी वाढल्यासारखं. डॉक्टर गेले, मॅनेजर गेले, हजार पाय त्यावरून गेले. एकतीस वर्षांची कड मोडली आणि एकाही माणसाला पत्ता लागला नाही. काका मुकाट्याने कासवाचं पोट खरवडत राहिले.

मग एका मंगळवारी बाई पाती बदलायला आली. चालता चालता थबकली, कडेपाशी उकिडवी बसली आणि ते लोंबणारं गवत बोटाने उचलून बघत राहिली.

"काका," ती म्हणाली, "कडेची काय ही दशा! शी!"