नानांनी धरलेला पाइप
सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की मला बहिणीचं चाळीसगावचं घर आठवतं. आम्ही दोघंही हॅम रेडिओचे, म्हणजे हौशी बिनतारी संपर्काचे वेडे. यावलला मी अँटेनाची दिशा बदलायला उन्हात गच्चीवर जाऊन पाइप हातानं फिरवायचो, खाली येऊन ऐकायचो आणि पुन्हा वर पळायचो. धाकट्या बहिणीनं मात्र सासरी अँटेना खोलीतूनच फिरवणारा कंट्रोलर स्वतःच बनवला होता. मी आणि आमचे वडील, नाना, तिच्याकडे गेलो तेव्हा तिनं खोलीत बसून बटण दाबलं, वर मोटर घरघरली, कंट्रोलरच्या डब्यावरचा काटा पूर्वेकडे सरकला आणि खरखरीतून एका जपानी माणसाचा आवाज शेजारच्या घरातून यावा तसा स्वच्छ आला. माझ्या पोटात दुखायला लागलं. मला हॅमचा परवाना मिळाला तेव्हा नुसतं ‘बरं’ म्हणालेले नाना पोरीच्या कौतुकानं शेजाऱ्यांना हाका मारू लागले, “या, देखा, हाई बठ्ठं मनी पोरनी करेल शे!” बहीण म्हणाली, “दादा, तुलाही करून देऊ?” मी म्हणालो, “नको, माझं भागतं.” परतीच्या बसमध्येही नाना त्या डब्याबद्दलच बोलत होते. शेवटी मी चिडून विचारलं, “आणि माझी अँटेना?” ते म्हणाले, “तू माले कधी दखाडी?” घरी पोचताच मी त्यांना गच्चीवर नेलं. ते पाइप फिरवत, मी खाली ऐकत होतो, आणि वरून सारखी हाक येई, “आते उना का?” जपान काही आला नाही, पण दिवेलागणीपर्यंत नाना खाली उतरले नाहीत. आता ते नाहीत. बहिणीच्या कंट्रोलरचा हेवा मला आजही वाटतो. त्या संध्याकाळचा हेवा मात्र तिला वाटतो.