गोचिडाचं बियाणं

आक्काताईंनी औषधाची बाटली माझ्या टेबलावर आपटली. कपातला चहा केसपेपरवर सांडला.

“डाक्टर, ह्ये औषध न्हाय, पाणी हाय पाणी! त्या मिलिंदनं पाणी भरून इकलंय गावाला. माझी गाय मेली तर तुमा दोघांच्या बी दारात आणून टाकीन, सांगून ठेवते.”

कोडोलीपासून थोडं आत एक गाव आहे, त्याचं नाव मी सांगणार नाही. तिथल्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात मी डॉक्टर होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. आक्काताई म्हणजे चार गाईंच्या दुधावर दोन पोरींना इंजिनियर केलेल्या बाई. माझाही आवाज काही बारीक नाही. पण त्या सकाळी मी गप्प बसलो, कारण तासाभरापूर्वीच त्यांच्या गोठ्यात जाऊन आलो होतो.

त्यांच्या संकरित गाईला एकशे सहा ताप होता. खांद्यापुढच्या गाठी लिंबाएवढ्या सुजलेल्या. हा गोचीड ताप. गोचीड रक्त पितो आणि पिता पिता रक्तात एक जंतू सोडतो, त्याचा हा आजार. त्यावर इंजेक्शन आहे, ते मी देऊन आलो होतो. माझी झोप उडवली ती वेगळ्याच गोष्टीनं. चारच दिवसांपूर्वी त्या गाईवर गोचिडाच्या औषधाची फवारणी झाली होती. तरी कासेवर आणि कानात एरंडाच्या बियांसारखे टम्म गोचीड. एक उपटून तळहातावर घेतला, तर आपला खुशाल चालतोय!

गावात आणखी आठ-दहा गोठ्यांत तीच तऱ्हा. औषध सगळ्यांनी एकाच दुकानातून घेतलेलं, कारण गावात दुकान एकच. मिलिंद कांबळेचं. वडील हमाली करायचे, पोरगं फार्मसी शिकलं आणि बौद्धवाड्याच्या कोपऱ्यावर जनावरांच्या औषधांचं दुकान टाकलं. दुकान कसलं, देवघर म्हणा. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली बाटल्या तारखेवार लावलेल्या. मुदत संपलेली एक गोळी तिथं सापडायची नाही. हे सगळ्या गावाला माहीत होतं. तरीही दुपारपर्यंत पारावर चर्चा सुरू झाली. एकजण माझ्यासमोरच म्हणाला, “असल्यांच्या हातात दुकान गेल्यावर दुसरं काय हुणार?”

“असल्यांच्या म्हणजे कसल्यांच्या?” मी विचारलं. तो तंबाखू मळत दुसरीकडे बघायला लागला. माझं डोकं असं सणकलं म्हणून सांगू!

आता माझी अडचण. गावाच्या वेशीवर एक पिवळा बोर्ड होता, ‘गोचीडमुक्त गाव’. तो माझ्यामुळं लागला होता. अकरा वर्षांपूर्वी मी गावात मोहीम काढली. अमावस्येला आमच्याकडं बैल जुंपत नाहीत, सगळी जनावरं दावणीला असतात. म्हटलं, दर अमावस्येला अख्ख्या गावानं एकदम फवारायचं. ‘एक गल्ली, एक बाटली, एक पंप’ हे घोषवाक्यही माझंच. पहिल्या वर्षी गोचीड औषधालासुद्धा मिळेना. मला शाल, श्रीफळ, वर्तमानपत्रात फोटो. तो फोटो मी दवाखान्यात लावला होता, माझ्या खुर्चीच्या बरोब्बर मागं.

संध्याकाळी जिल्ह्याच्या साहेबांचा फोन आला.

“तुमच्या गोचीडमुक्त गावातून तक्रार आलीय.”

“कळलं सर.”

“औषधाचं सॅम्पल लॅबला पाठवा. रिपोर्ट येईपर्यंत दुकान बंद ठेवायला सांगू.”

“सर, रिपोर्ट यायला दोन-तीन महिने लागतात. तोवर पोरगं संपेल.”

“मग तुम्ही सांगा, औषध चांगलं आहे म्हणून. लेखी. पुराव्यासकट. दहा दिवस देतो.”

फोन ठेवला आणि वळलो तर दारात मिलिंद. त्यानं सगळं ऐकलं होतं. म्हणाला, “सर, दुकान एकदा बंद झालं की पुन्हा उघडून उपयोग नाही. लॅबनं चांगलं म्हटलं तरी लोक म्हणतील, पैसे चारले.”

“तू पाणी घातलंयस का?” मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

तो दारातून एक पाऊल मागं सरला. मग म्हणाला, “तुम्ही बी?”

त्या दोन शब्दांची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागलो. लॅब नाही तर नाही, लोणच्याच्या चार बरण्या तर होत्या! गावातल्या गाईंवरचे रक्त पिऊन फुगलेले गोचीड गोळा केले. असली फुगलेली मादी खाली पडते, कुठंतरी भेगेत शिरते आणि हजारांनी अंडी घालते. औषध चांगलं असेल आणि लागू पडत असेल तर ती मरते, अंडी घालत नाही. परीक्षा एवढीच. मग कोल्हापुरातून त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची सीलबंद बाटली आणली. आणि पन्हाळ्याच्या डोंगरावर चढून एका धनगरवाड्यात गेलो. तिथल्या गाईंना जन्मात कधी फवारा लागला नव्हता. तिथले गोचीड डबीत घालून घेऊन आलो. त्या धनगरानं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. “गोचीड न्यायला आलासा पावणं? न्या की! आनी पायजेत?”

पंचायतीत, चार लोकांसमोर, बरण्या मांडल्या. पहिलीत गावातले गोचीड, पुऱ्या मापाच्या मिलिंदच्या औषधात थोडा वेळ बुडवून, निथळून ठेवले. दुसरीत गावातलेच, पण कोल्हापूरच्या नव्या बाटलीत बुडवलेले. तिसरीत डोंगरावरचे गोचीड, मिलिंदच्या औषधात बुडवून. आणि चौथीत डोंगरावरचेच, नुसत्या पाण्यात बुडवून. नाहीतर कुणीतरी म्हणालं असतं, गाव सोडलं म्हणून मेले. बरण्यांच्या तोंडाला फडकी बांधली, कपाटात ठेवल्या, किल्ली सरपंच बाजीराव अण्णांकडं.

“आयला,” अण्णा म्हणाले, “आता गोचिडाची बी राखण करायची म्हना की!”

आठ दिवस बाकी काही काम सुचेना. रोज आक्काताईंच्या गाईला बघायला जायचो. ताप उतरत होता, वैरणीला तोंड लावायला लागली होती. पण बाई बोलत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी मी सहज विचारलं, “आक्काताई, फवारणी नेमकी कशी करता तुम्ही?”

“तुमीच सांगितलंय तसं. एक गल्ली, एक बाटली. कोपऱ्यावरनं सुरुवात हुती, पंप फुडं फुडं येतोय. आमचं घर शेवटाला.”

“आणि औषध संपत आलं तर?”

“मग पाणी वाढवायचं. सगळ्या गल्लीला पुराय नको व्हय?”

मी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसलो. मोहीम सुरू केली तेव्हा त्या गल्लीत पंधरा जनावरं होती. आता पन्नासच्या वर. बाटली तीच. गल्लीच्या शेवटी जे फवारलं जात होतं त्यानं मुंगीसुद्धा मरायची नाही. आणि अकरा वर्षांत मी एकदाही अमावस्येला गल्लीच्या शेवटापर्यंत चालत गेलो नव्हतो. कोपऱ्यावर नारळ फोडायचा, फोटो काढायचा, निघायचं.

आठव्या दिवशी कपाट उघडलं. अर्धा गाव जमला होता. मिलिंद मागं भिंतीला टेकून उभा होता.

पहिल्या बरणीत गावातले गोचीड जिवंत, आणि त्यांच्याभोवती खसखशीसारखा तपकिरी अंड्यांचा ढीग. दुसरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सीलबंद औषधातसुद्धा, तेच. चौथीत, नुसत्या पाण्यातल्या, अर्थातच अंडी. आणि तिसरीत? डोंगरावरचे गोचीड, मिलिंदच्याच औषधात बुडवलेले, सगळे मेलेले. कडकडीत वाळलेले. अंडं एक नाही.

“बघा,” मी म्हणालो. “ह्याच बाटलीतलं औषध. डोंगरावरचे मेले, तुमचे जगले. औषधात पाणी असतं तर हे मेले असते का? औषध शंभर टक्के खरं आहे.”

मिलिंद खाली बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. हुश्श! मी चक्क मोठ्यानं म्हणालो.

पण अण्णा सरपंच उगाच झाले नव्हते. “मग आमचं गोचीड मरंना का? चूक कुणाची?”

खरं सांगतो, त्या क्षणी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. सकाळीच साहेब फोनवर म्हणाले होते, “दुकानदार सुटला की विषय संपला. कारण हवामानबदल लिहा.” हवामानबदल आमच्या खात्यात फार उपयोगी पडतो. पण समोर तो पोरगा तोंड झाकून बसला होता आणि त्याचे दोन शब्द माझ्या कानात होते.

“चूक माझी,” मी म्हणालो.



मग समजावून सांगितलं. अण्णांना वाटलं, मिश्रीची लागते तशी गोचिडाला औषधाची सवय लागली. तसं नाही. एकाही गोचिडाला काही सवय लागत नाही, गोचीड काही शिकत नाही. पण जन्मतःच सगळे सारखे नसतात. आपली पोरं तरी कुठं सारखी असतात? हजारांत एखाद्याच्या अंगात जन्मापासून अशी काहीतरी खोड असते की हे विष त्याला पुरतं बाधत नाही. औषध नसतं तेव्हा त्या खोडीचा काही उपयोग नसतो. तो आपला चारचौघांतला एक. आपण फवारलं, बाकीचे मेले, तो उरला. उरलेल्यांची आपसांत लग्नं लागली, पोरं झाली हजारांनी, आईबापाची खोड घेऊन. पुढच्या अमावस्येला पुन्हा तेच औषध. गल्लीच्या शेवटाला तर पातळ औषध, म्हणजे जरा जरा चिवट असलेलेही पास. पुन्हा जे चिवट तेच उरले. अकरा वर्षं, दर महिन्याला. गोचीड ठरवून बदलले नाहीत. कोण जगायचं ते फवाऱ्यानं ठरवलं. निसर्गातही असंच चालतं. तिथं थंडी, दुष्काळ, रोगराई निवड करतात, फक्त हजारो-लाखो वर्षं लागतात. जीवसृष्टी अशीच बदलत आलीय. मी ते इथं अकरा वर्षांत करून दाखवलं.

मग मागून आक्काताईंचा आवाज आला.

“म्हंजे आमी भुईमुगाचं बियाणं धरतोय तसंच की! चांगल्या शेंगा बाजूला काढायच्या, तेवढ्याच फुडं पेरायच्या. तुमी गोचिडाचं बियाणं धरलासा डाक्टर. अकरा वर्सं. आन् आमी त्यापायी तुमाला शाल दिली!”

सगळ्या पंचायतीत हशा पिकला. मीही हसलो. मी कॉलेजात चार वर्षं शिकलो, नंतर तीस वर्षं नोकरी केली, इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

उपाय ऐकून मात्र पुन्हा आरडाओरडा झाला. अमावस्येची सरसकट फवारणी बंद. ज्या जनावरावर गोचीड जास्त, त्यालाच फवारायचं, तेही वेगळ्या जातीच्या औषधानं, आणि डोस पुरा. गोठ्याच्या भेगा लिंपायच्या, कारण अंडी तिथं असतात. आणि बाकीच्या जनावरांवरचे थोडे गोचीड तसेच सोडायचे.

“सोडायचं? जित्तं?” अण्णा ओरडले. “डाक्टर, डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं?”

“अण्णा, साधे, औषधानं मरणारे गोचीड शिल्लक राहिले तरच चिवटांशी त्यांची सोयरीक होणार आणि पुढच्या पोरांतली चिवट खोड पातळ होणार. सगळे साधे मारले तर मागं फक्त चिवटच राहतात.”

पटलं की नाही देव जाणे. पण करून बघितलं. मिलिंदनं प्रत्येक घराला खुणेचं मापाचं टोपण दिलं, कुणाच्या गोठ्यात किती पाणी, किती औषध, ते चिठ्ठीवर लिहून. पुढच्या वर्षी तशाच बरण्या मांडल्या. नव्या औषधात गावातले गोचीड पटापट मेले. गोचीडमुक्त काही गाव झालं नाही, होणारही नाही. पण त्या वर्षी गोचीड तापानं एकही गाय गेली नाही. आक्काताईंची गाय पुन्हा व्यायली, कालवड झाली. वेशीवरचा बोर्ड मी माझ्या हातानं उतरवला. दवाखान्यातला फोटोही काढला. त्याच्यामागं भिंतीला भेग होती, ती लिंपून घेतली.

साहेबांना मी खरा रिपोर्ट पाठवला. त्यांनी उत्तर दिलं नाही. निवृत्त होईपर्यंत मला बढती मिळाली नाही, पण ती तशीही मिळणार नव्हती.

बरण्या उघडल्या त्याच संध्याकाळची गोष्ट सांगायची राहिली. मी मिलिंदची माफी मागायला दुकानात गेलो. काय बोलावं ते रस्ताभर जुळवत होतो. जाऊन बघतो तर आक्काताई आधीच तिथं. अकरा वर्षांत मी त्यांना त्या दुकानाच्या पायरीच्या वर गेलेलं पाहिलं नव्हतं. बाहेरून हाक मारायची, बाटली घ्यायची, जायचं. आज आत, काउंटरच्या पलीकडच्या खुर्चीवर, ऐसपैस बसल्या होत्या. मिलिंदची आई घरातून चहा घेऊन आली. आक्काताईंनी तो बशीत ओतला आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा फुर्रकन ओढला.

“साखर कमी हाय गं,” त्या म्हणाल्या. “उद्या येईन तवा जरा जास्त घाल.”

मिलिंदनं माझ्याकडं पाहिलं आणि दुसरी खुर्ची पुढं सरकवली. जुळवलेलं सगळं भाषण मी विसरलो. चहा घेतला. साखर खरंच कमी होती.

माझ्या धंद्यात येणाऱ्या पोरांना मी आता एवढंच सांगतो. औषध लिहून दिलं की काम संपलं असं समजू नका. अधूनमधून गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत चालत जा.